लिफ्टच्या दंडातला उंदीर

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे लिफ्ट म्हणतात. ते दोघं राहतात ती इमारत चार मजल्यांची, घर चौथ्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. जड म्हणून जे काही वर जायचं किंवा खाली यायचं असेल ते त्याच्याच अंगावरून जातं-येतं. त्याचा धंदाच तो. घर बदलणाऱ्यांची कपाटं, फ्रिज, तिजोऱ्या, एखाद्या हौशी माणसाचा पियानो, असलं सगळं तो उचलतो आणि जिन्यानं नेतो. "लिफ्ट जेवायला बसलाय," असं त्या इमारतीत कुणी म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. मला पहिल्या दिवसापासून तसंच वाटत आलंय.

मी सारी नोकरी विमा कचेरीत काढली. काय पडेल, काय फुटेल, कुणाचं हाड मोडेल, हे मला आधी दिसतं आणि माणूस नंतर. त्यामुळे बहिणीनं जेव्हा कपाटं उचलणाऱ्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी तिला एकच विचारलं, की याची पाठ गेली तर काय करशील. ती म्हणाली, मी आहे ना. हे काही उत्तर झालं नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

त्यांची गाठ पडली ती आमच्याच कपाटापायी. आम्ही घर बदलत होतो. पाठीवर कपाट घेतलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, म्हणून त्या धंद्यात एक जण पुढे उलटा चालतो आणि पायऱ्या सांगत जातो. त्या दिवशी लिफ्टचा सांगणारा आलाच नाही. हा कपाट पाठीवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा, पुढे पाऊल टाकेना. तेव्हा बहिणीनं हातातलं विणकाम माझ्या अंगावर टाकलं आणि ती त्याच्यापुढे उलटी उतरू लागली. पायरी. पायरी. वळण, डावा खांदा आत. पायरी. संपली. कपाटाला साधा ओरखडा आला नाही. त्यानंतर त्याला दुसऱ्या कुणाचं सांगणं चालेना. लग्नानंतर ती कित्येक वर्षं त्याच्याबरोबर कामावर जायची, आणि गिऱ्हाईक दोघांना मिळून बोलवायचं.

तिच्याकडे आणखी एक काम होतं, ते म्हणजे उंदीर. जुन्या कपाटांत उंदीर असायचेच, आणि लिफ्ट उंदराला घाबरतो. किळस वगैरे नाही, सरळ भीती. एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धुलाई यंत्राच्या खालून एक उंदीर निघाला आणि त्याच्या बाहीत शिरला. लिफ्टनं यंत्र टाकलं नाही. दोन मजले उतरला, यंत्र चारी पायांवर नीट ठेवलं, फडक्यानं पुसलं आणि मग रस्त्याच्या कडेला आडवा झाला. उंदीर तोवर निघून गेला होता, पण याला उठवायला पाऊण बादली पाणी लागलं. तेव्हापासून कुठलंही सामान उचलण्याआधी बहीण सगळे खण उघडून, आपटून, चप्पल हातात घेऊन तपासायची. घरातही तेच. उंदीर दिसला की हा खुर्चीवर आणि ती चप्पल घेऊन खाली.

मग तिला तो ताप आला. ताप गेला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, पायांना झोप लागल्यासारखं झालंय, व्यायाम करा, जाग येईल, नाही तर नाही येणार. असं बोलायला मीही डॉक्टर झालो असतो.

त्या दिवसापासून लिफ्ट रोज संध्याकाळी तिला दोन्ही हातांवर घेऊन चार मजले उतरायचा आणि फाटकाजवळच्या बाकावर बसवायचा. जिना त्याला तोंडपाठ, तरी ती सांगितल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे. ती त्याच्या हातांवर आडवी पडून म्हणायची, पायरी, पायरी, वळण. बाकावर बसली की सगळी गल्ली तिच्या ताब्यात. कोण कुठून आलं, कुणाच्या पिशवीत काय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, सगळं तिला ठाऊक. दिवसाचे बाकीचे तास ती त्या एका तासासाठी ढकलायची.

माझं घर तळमजल्यावर. मी तिच्यासाठी उंबरा काढून उतार करून घेतला, न्हाणीघराचं दार रुंद केलं, भिंतीला धरायला नळ्या बसवल्या. ती येईना. म्हणायची, दादा, तुझ्याकडे सगळं आहे, पण तिथं मला उचलायला कुणी नाही. मी म्हटलं, उचलायची गरजच नाही तर उचलेल कशाला कुणी? तिला ते पटेना. शेवटी मी तिच्याकडून शब्द घेतला, की ज्या दिवशी याच्यानं तुला उचलवणार नाही त्या दिवशी तू माझ्याकडे यायचं. ती हसली आणि म्हणाली, त्या दिवशी खुशाल गाडी घेऊन ये.

तिच्या पायांना व्यायाम द्यायला एक बाई यायची. तरुण, बोलकी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. पाय दुमडायचे, सरळ करायचे, दुमडायचे, यात रोग्याला कंटाळा येतो म्हणून ती बडबड करायची, आणि तिला शब्दांचा नाद होता. कुठला इंग्रजी शब्द कुठून आला, त्याच्या पोटात काय दडलंय, हे ती पाय दुमडता दुमडता सांगायची. माझा त्याला विरोध नव्हता, मी चहा पीत ऐकायचो.

त्या दिवशी लिफ्ट बहिणीला हातांवर घेऊन उभा होता आणि बाई खाली चटई पसरत होती. उठता उठता तिनं त्याच्या दंडावर थाप मारली.

"काका, काय मसल आहे हा. ठाऊक आहे का, मसल म्हणजे छोटा उंदीर?"

मग तिनं सगळं सविस्तर सांगितलं. लॅटिन भाषेतला शब्द. हात वाकवला की दंडाचा फुगवटा कातडीखाली सरकतो, तो जुन्या काळच्या लोकांना उंदीर पळाल्यासारखा दिसला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं छोटा उंदीर. तेच नाव फिरत फिरत इंग्रजीत आलं. बघा ना, वाकवा, दिसतो की नाही?

लिफ्टनं हात थोडा वर घेतला आणि पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगायचं तर पळाला.

त्यानं बहिणीला चटईवर ठेवलं, काचेचं भांडं ठेवावं तसं. मग दोन्ही हात सरळ खाली सोडले आणि तो भिंतीला जाऊन टेकला.

"अंगात किती असतात?" त्यानं विचारलं.

"सहाशेच्या वर," बाई आनंदानं म्हणाली. कुणीतरी विषयात रस घेतला याचा तिला हुरूप आला. "आणि हृदय, तोही एक मसलच. सगळ्यात कष्टाळू. जन्मल्यापासून थांबलेला नाही."

"तोही?"

"तोही."

लिफ्टच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला खुर्चीखाली बघायला सांगितलं, मी बघितलं, तेव्हा कुठे तो बसला, तोही पाय लांब सोडून.

त्यानंतर त्यानं हात वाकवला नाही, त्यामुळे बहिणीला उचलून खाली नेणंही बंद. वाकवला तर तो पळेल, असं त्याचं म्हणणं, आणि सरळ ठेवला तर कदाचित पडून राहील. गुडघेही वाकवीना. जिना कंपासासारखा उतरायचा, एक टोक टेकवून दुसरं फिरवत. शर्टाच्या बाह्या मनगटाशी सुतळीनं बांधल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, बाहेर आले तर? कामावर फक्त सरळ हातांनी लोंबकळत नेता येईल तेवढंच न्यायचा, म्हणजे बादल्या आणि सुटकेस. एका गिऱ्हाइकाच्या बारा खुर्च्या त्यानं दोन-दोन करून नेल्या, आणि गिऱ्हाइकाला वाटलं ही काही नवी पद्धत असेल. जेवायची पंचाईत. सरळ हात तोंडापर्यंत पोचत नाही. मग बहीण त्याला भरवायची. पाय गेलेली बाई हात गेलेल्या माणसाला घास देतेय, आणि दोघांपैकी एकाच्याही हाताला काही झालेलं नाही, हे दृश्य मी समोर बसून पाहिलं. मी कपाळाला हात लावला. त्याला तीही सोय नव्हती.

इमारतीच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला, लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तिसऱ्या मजल्यावर नवे आलेले भाडेकरू मला विचारायला लागले की दुरुस्तीवाला कधी येणार.

मी त्याला समजावून पाहिलं. वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश उघडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, मेहुणे, शब्द वेगळा आणि वस्तू वेगळी. इंग्रजीत खिडकीला जो शब्द आहे, विंडो, त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. म्हणून काय वारा आत डोकावून बघतो का? त्यानं खिडकीकडे निरखून पाहिलं. मग मला म्हणाला, पडदा ओढून घ्या, ही केस विंचरतेय. त्या दिवसापासून खिडकीचा पडदाही बंद झाला. बहीण मला म्हणाली, दादा, बाक तर गेलाच होता, एक खिडकी उरली होती, ती तू घालवलीस.

लिफ्टबरोबर खालचं टोक धरणारा एक जोडीदार आहे, तो त्याच्यापेक्षा व्यवहारी. तो म्हणाला, अहो, तो तिकडच्या लोकांचा उंदीर. आपल्याकडे दंडात बेडकुळी असते. लहानपणापासून आपण हात वाकवून बेडकुळी दाखवत आलो. बेडकाला घाबरता का तुम्ही? लिफ्ट बेडकाला घाबरत नाही. त्याचा चेहरा जरा उजळला, आमच्या जिवात जीव आला. पण मग त्यानं विचारलं, म्हणजे दोघं आहेत? त्यानंतर त्याला भीती तर राहिलीच, वर बेडकाची काळजी लागली. एवढ्याशा जागेत त्याचं कसं होत असेल, असं तो अधूनमधून विचारायचा. जोडीदारानं हात टेकले.

आणि बहिणीचं भलतंच सुरू झालं. पायांना झोप लागलीय, हे डॉक्टरांचं बोलणं तिनं आजवर या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. पण पायांत उंदीर झोपलेत म्हटल्यावर तिला ते कळलं. उंदीर तिच्या ओळखीचे. जन्म त्यांना हाकलण्यात गेला, आता पहिल्यांदाच ते उठावेत असं तिला वाटत होतं. ती पोटऱ्यांवर बोटांनी टकटक करायची, कान देऊन बसायची. एकदा पाहतो तर गुडघ्यावर बिस्किटाचा तुकडा ठेवलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आमिष. व्यायामाची बाई हसली नाही, उलट तिनं तुकडा घोट्याकडे सरकवला, म्हणाली खालचे जास्त आळशी आहेत. लिफ्ट दारातून हे बघायचा आणि शहारायचा. तो बायकोच्या पायांजवळ यायलाच घाबरू लागला. तिचे उठले म्हणजे?

ती खाली गेली नाही त्याला आता बरेच दिवस झाले होते. कुणी काही बातमी सांगितली तर ऐकून घ्यायची, स्वतः विचारायची नाही. माझी ही बहीण, जिला कुणाच्या पिशवीत काय आहे हे बाहेरून कळायचं, ती पडद्याकडे तोंड करून बसलेली मला पाहवेना. आणि त्याच वेळी मला हेही वाटलं, की आता ती माझ्याकडे येणार. दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या, त्याला माझा इलाज नाही.

मी भाड्याची गाडी घेऊन गेलो. ती म्हणाली, शब्द दिलाय. तिनं स्वतःच आपली पिशवी भरून ठेवली होती. लिफ्ट दारात उभा होता, हात सरळ, डोळे लाल. आम्ही तिला खुर्चीत बसवून दोरीनं बांधलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, की उजवीकडची गाठ सैल आहे. ती सैलच होती.

जोडीदार खाली, मी वर खुर्चीची पाठ धरून, आणि मध्ये व्यायामाची बाई पाय सांभाळायला. खुर्ची मागे कललेली, बहिणीचं तोंड छताकडे, तिला काही दिसत नव्हतं, आणि पायऱ्या सांगायला दुसरं कुणी नव्हतं. एक मजला कसाबसा उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा एक पाय कठड्यात अडकला, दुसरा माझ्या पायावर आला, आणि खुर्ची तिरकी होऊन बहिणीचं नाक भिंतीला लागलं. माझी पाठ धरली. मी वाकलेला, तो तसाच राहिलो. जोडीदार खालून म्हणाला, सोडू नका, सोडलंत तर आपण सगळे तळमजल्यावर. नोकरीत मी असल्या अपघातांची कितीतरी प्रकरणं तपासली, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, एवढी अक्कल नसते का लोकांना.

वरून लिफ्टचा आवाज आला. "डावा पाय आधी सोडवा. दादांचा नाही, खुर्चीचा."

मग तो कंपासासारखा एकेक पायरी करत उतरला आणि आमच्या वरच्या पायरीवर येऊन थांबला. हात दोन्ही बाजूंना सरळ.

"अहो," बहीण भिंतीला म्हणाली, कारण तोंड तिकडेच होतं. "तुमचे पळतात म्हणून तुम्हाला भीती वाटते ना?"

"हो."

"माझे पळत नाहीत. मला त्याची वाटते."

माझ्या कमरेतून कळा येत होत्या, तरी मी खुर्ची सोडली नाही.

"तुमच्या छातीत एक आहे," ती म्हणाली. "तो जन्मल्यापासून पळतोय. तो थांबावा असं वाटतं का तुम्हाला?"

लिफ्टनं छातीला हात लावायचा प्रयत्न केला. सरळ हात छातीला लागत नाही. त्यानं तो पुढून आणून पाहिला, बाजूनं आणून पाहिला. मी वाकलेल्या मानेनं बघत होतो. आणि मग तो हात कोपरातून वाकला. सावकाश, गंजलेली बिजागरी वाकावी तसा. पंजा छातीवर टेकला. तो ऐकत राहिला. ओठ पांढरे पडले होते.

"पळतोय," तो म्हणाला.

"पळू दे."

माझ्या बाजूनं पुढे येऊन त्यानं दातांनी बाह्यांच्या सुतळ्या सोडल्या, दोरीच्या गाठी सोडल्या, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात वाकवून तिला खुर्चीतून उचललं. सुटलेली बाही वर सरकली आणि मला त्याचा दंड दिसला. तो फुगवटा सरसर वर गेला आणि तिच्या पाठीखाली जाऊन बसला. लिफ्टच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यानं टाकलं नाही. आजवर त्यानं काहीच टाकलेलं नाही, हे मला मान्य करायला हवं.

"वर की खाली?" त्यानं विचारलं. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो.

मी खुर्चीमागून सांगितलं, खाली, गाडी उभी आहे.

"खाली," बहीण म्हणाली. "बाकावर. मग वर." आणि लगेच सुरू झाली. पायरी. पायरी. वळण, डावा खांदा आत. डोळे मिटलेला तो माणूस तिच्या आवाजामागून उतरत गेला, आणि त्याचे गुडघेही वाकत होते.

मी आणि खुर्ची वळणावर राहिलो. व्यायामाच्या बाईनं आधी खुर्ची सोडवली, मग मला. कमरेवर हात ठेवून, खुर्चीच्या पाठीचा आधार घेत मी फाटकापर्यंत आलो, तेव्हा बहीण बाकावर बसली होती. तिचं लक्ष गल्लीकडे नव्हतंच. लिफ्ट तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याचा पंजा तिच्या उजव्या पोटरीवर होता.

"एकानं कूस बदलली," ती मला म्हणाली. "आत्ता, उतरताना."

"मला काही लागत नाही," लिफ्ट कुजबुजला.

"हात काढू नका. बोलू नका. बिचकेल."

एका उंदरापायी रस्त्यावर आडवा झालेला हा माणूस, बायकोच्या पोटरीतला उंदीर बिचकू नये म्हणून श्वास रोखून बसला होता. खरंच काही हललं होतं की नाही, देव जाणे. मला विचाराल तर मी विम्याचा माणूस, पुराव्याशिवाय लिहीत नाही. पण मीही तिथं खुर्ची धरून उभा राहिलो आणि त्या पोटरीकडे बघत राहिलो, आणि मला मनापासून वाटत होतं की हलावं.

तेवढ्यात गाडीवाल्यानं उशीर होतोय म्हणून हॉर्न वाजवला. मी कंबर धरून तसाच त्याच्याकडे गेलो आणि त्याला गप्प केलं. म्हटलं, वाजवू नका हो, उंदीर बिचकेल. त्यानं माझ्याकडे कसं पाहिलं ते मी सांगत बसत नाही. त्याला रिकामीच गाडी घेऊन जायला सांगितलं.